रांजणामागचं यंत्र

ताडकळसला माझ्या बहिणीच्या घरावर पत्रे आहेत. उन्हाळ्यात दुपारभर ती तान्ह्या लेकराला घेऊन बाहेर लिंबाखाली बसते. आत त्याच्या अंगभर घामोळ्या उठतात.

यंदा उन्हाळा लागताना काही संशोधकांनी तिच्या घरात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र टांगलं. पुढं बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी ऊर्जेचे नियम तयार होत आहेत. लहान घरांच्या छताला उष्णता अडवणारा थर सक्तीचा करायचा का, हे अशा नोंदींवरून ठरणार होतं. बहिणीच्या सासूला "मावशी, हात लावू नका," एवढं सांगून ते गेले. नोंदी नेटवर्कवरून परस्पर जात होत्या. पुन्हा कुणी फिरकलं नाही.

उन्हाळा सरायच्या आतच परभणीत या नोंदींच्या निष्कर्षांची बैठक झाली. मी बातमीसाठी हजर होतो. पडद्यावर बहिणीचं पत्र्याचं घर स्लॅबच्या घरांपेक्षा थंड दिसत होतं. प्रमुख संशोधक म्हणाले, "रहिवाशांनी उष्णतेशी जुळवून घेतलं आहे." त्या घरात दुपारी पितळेच्या भांड्याला हात लावता येत नाही. मी तिथूनच ताडकळस गाठलं.

यंत्र रांजणामागे, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"म्याच ठेवलं," सासू म्हणाली. "पत्र्याखाली लय तापायलं होतं. सरकारी वस्तू हाय, जळाली तर?"

"हात लावू नका म्हणले होते ना?" मी विचारलं.

"फडक्यानं धरलं की!"

"वा आत्याबाई! यंत्राला गारवा, अन् नातू उन्हात," बहीण म्हणाली.

चूक सासूची नव्हती. उन्हाळ्यात एकदा कुणी दार लोटून आत पाहिलं असतं, तरी पुरलं असतं. मी प्रमुखांना फोन केला. अजून ऊन आहे, पुन्हा मोजा, म्हणालो.

"वेळ नाही. ते घर वगळतो."

"पत्र्याचं तेवढं एकच आहे तुमच्याकडे."

"नियमांचा मसुदा थांबणार नाही. यंत्र न्यायला माणूस पाठवतो."

माणूस भर दुपारी आला. तोवर बहिणीनं यंत्र पत्र्याखालच्या खिळ्याला पुन्हा अडकवलं होतं.

"ताई, यंत्र द्या."

"न्हाई देत. आत या, दोन घंटे बसा. मंग न्या."

"मला काय करायचंय बसून? मी फक्त न्यायला आलोय."

"तुमी सगळे न्यायलाच येता."

तो उंबऱ्याच्या आत आला नाही. यंत्र न घेताच गेला. मसुदा मात्र पत्र्याच्या घराशिवाय पुढे गेला. लहान घरांच्या छताला थर लावण्याची सक्ती त्यात नाही.