जप्त बांबूंच्या नाक्यावर

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचे असते आणि या दोन गाड्यांच्या मध्ये निम्मा दिवस सहज निघून जातो. तिकडे जाणाऱ्यांनी पाण्याची सुरई, हातपंखा आणि दोन वेळचे खाणे बरोबर ठेवावे. मी ठेवले होते. शिवाय वळकटी, कंदील, कुनैनच्या गोळ्या, सुईदोरा आणि भाच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी. अमरावतीहून निघताना केलेल्या यादीतला फक्त साबण राहिला होता, तो स्टेशनाबाहेर घेतला. दुकानदार हिंदीत बोलला, हमालही हिंदीत बोलला, आणि मी मराठीत दिलेली उत्तरे दोघांना कळली.

"बाईजी, छोटी गाड़ी शाम को जाएगी," हमाल म्हणाला. "तब तक नागरा का मंदिर देख आओ, टाँगा मिल जाएगा."

नागऱ्याचे शंकराचे देऊळ जुने आहे, दगडी आहे, आणि त्या उन्हात आत शिरल्यावर पाय पोळायचे थांबतात, एवढेच माझ्या लक्षात राहिले. परत येताना घोडा अडून बसला आणि शेवटचा फर्लांगभर वळकटी टांगेवाल्याने घेतली आणि बाकी सगळे मी स्वतः उचलून आणले. छोटी गाडी मात्र वेळेवर सुटली.

माझा भाचा वसंता त्या वर्षी जंगल खात्यात नाकेदार म्हणून लागला होता. नोकरी कच्ची होती. वर्ष नीट गेले तर पक्की होणार होती. महायुद्ध सुरू होण्याच्या आधीचा तो उन्हाळा. माझ्या शाळेला सुट्टी होती आणि माझे थोरले भाऊ, म्हणजे वसंताचे वडील, मला म्हणाले होते, "तू जाऊन बघून ये. पत्रात तो सगळं ठीक आहे एवढंच लिहितो."

सौंदडला उतरून रात्र स्टेशनात काढली आणि सकाळी रेंगी (प्रवासाची हलकी बैलगाडी) केली. वाटेत भाताची बांध घातलेली उघडी शेते, मग पळस, मग साग, आणि शेवटी बांबूची इतकी दाट बेटे, की गाडीवानाला वाकून बसावे लागत होते. रस्त्याच्या कडेला बायका टेंभरे (तेंदूची पिवळी फळे) विकत होत्या. गोड आहेत, पण घशात चिकटतात. पाणी जवळ असेल तरच खावीत.

नाका म्हणजे रस्त्यावर आडवी लाकडी बल्ली, शेजारी मातीच्या भिंतींची दोन खोल्यांची चौकी आणि मागे अंगण. चौकीचे छप्पर मध्येच खचून खोलगट झाले होते. अंगणात हिरव्या बांबूंचा मोठा ढीग होता. ढिगाच्या सावलीत एक म्हातारा होत आलेला गोंड माणूस उकिडवा बसला होता.

"हा कोण?" मी वसंताला विचारले.

"सोमा. बांबू त्याचे आहेत. म्हणजे, होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसंताचे काम बघितले. सरकारी जंगलातून काहीही न्यायचे तर त्याच्याकडून पास (परवाना) घ्यावा लागतो. जळाऊ लाकडाच्या मोळीला पास, बैलाच्या चराईला पास, बांबूच्या बंडीला (मालाच्या बैलगाडीला) पास. पासावर किती न्यायचे आणि किती दिवसांत न्यायचे ते लिहिलेले असते. उजाडल्यापासून बायका रांगेत उभ्या होत्या. तो एकेकीचे नाव विचारून लिहीत होता. ठेकेदाराच्या बंड्या आल्या की मात्र बल्ली वर जात होती. मुनीम गाडीवरूनच चालान हलवून दाखवायचा. एकाही बंडीतला बांबू कोणी मोजला नाही.

"ते का नाही मोजत?" मी विचारले.

"ठेकेदाराचा माल डेपोत मोजतात, आत्या. मला तसा हुकूम आहे."

"आणि डेपोत कोण मोजतं?"

"मुनीमच," वसंता म्हणाला आणि पुढच्या बाईचे नाव विचारू लागला.

सोमाची हकीकत मी त्याच्याच घरी ऐकली. घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर होते. चार भिंती उभ्या होत्या आणि वर आकाश होते. कवेलू (नळीची कौले) अंगणात एकावर एक रचून ठेवली होती. भिंतीच्या कोपऱ्यात पळसाच्या फांद्या टाकून आडोसा केला होता आणि त्याखाली सोमाची सून नुकतेच जन्मलेले मूल घेऊन पडली होती. मुलगा तेंदूपत्त्याच्या फडीवर (विडीची पाने गोळा करतात तिथे) कामाला गेला होता. सोमाच्या बायकोने मला द्रोणात तांदळाची पेज आणि अंबाडीची चटणी दिली. भूक होती, मी दोनदा घेतली.

तिकडची रीत अशी की बांबूचा पास हातात पडला की आधी जुने छप्पर उतरवायचे. वाळवी लागलेले बांबू चुलीत जातात, कौले खाली येतात, मग जंगलात जायचे. सोमाने आठवड्याचा पास काढला, छप्पर उतरवले आणि पहिल्या दिवशी थोडे बांबू तोडले. त्याच संध्याकाळी वाघाने गावचा गुराखी नेला. वाघाने माणूस नेला की भुमका (गावचा पुजारी) घरोघरच्या कुऱ्हाडी गोळा करून देवापाशी ठेवतो. जंगलाची पूजा होऊन वाघाचे तोंड बांधले जाईपर्यंत कुणी कुऱ्हाड उचलायची नाही. गेलेला माणूस भुमक्याचा नातलग असल्याने त्याला स्वतःला पूजा करता येईना. दुसऱ्या गावचा भुमका यायला वेळ लागला. तोवर पासाची मुदत टळली.

पूजा झाली, कुऱ्हाडी सुटल्या. सोमाने राहिलेले दिवस बांबू तोडले, बरोबर तेवढेच, आणि बंडी भरून स्वतःच नाक्यावर आणली.

"मुदत संपली हे तुला ठाऊक नव्हतं?" मी विचारले.

"संपली कशी जी?" सोमा म्हणाला. "कुऱ्हाड देवापाशी होती ना. पायली भरायची तेव्हा भरली, मधात हात थांबला त धान कमी होते का?"

"तारीख पुढे गेली ना."

"तारीख गेली, मी कोठी गेलो? मी त घरीच बसून होतो."

"बसून कुठं होता," त्याची बायको चुलीकडून म्हणाली. "रोज कवेलू मोजून राहिला होता. जसे काई रात्री पळून जातात."

वसंताला हे सगळे माहीत होते आणि तो बंडी सोडणारही होता, पण नेमके त्याच वेळी रेंजरसाहेब घोड्यावरून आले. त्यांनी पास पाहिला, तारीख पाहिली आणि वसंताला गुन्हा लिहायला लावला. बैल सोडले, बांबू जप्त. आता नवा पासही मिळेना, कारण पावसाळ्यासाठी बांबूची तोड बंद झाली होती. ती बंदी मला योग्य वाटते. पावसात बांबूला नवे कोंब येतात, तेव्हा बेटात शिरू नये, हे सोमालाही मान्य होते. पण तोडून झालेल्या बांबूला आता कोंब फुटणार नव्हते. आणि मिरग तोंडावर आला होता.

रेंजर फैसला करायला येणार त्या दिवशी मी चहाचे पाणी चढवून तयार राहिले. गृहस्थ सभ्य होते. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर खुर्ची पुढे करून म्हणाले, "मग तुम्हाला शिस्त समजावून सांगायला नको. मुदतीनंतर आलेला पेपर तुम्ही तपासता का?"

"मी वर्ग बंद ठेवला तर ते दिवस मुलींच्या गैरहजेरीत धरत नाही," मी म्हटले.

"जंगल कुणी बंद केलं होतं? त्यांच्या पुजाऱ्याने. सरकारने नव्हे."

"त्या दिवसांत तुम्ही इकडे दौऱ्यावर आला होता का?"

"नाही. वाघाचा उपद्रव होता. वरून सांगितलं होतं की तूर्त या भागात जाऊ नका."

"म्हणजे तुमचा दौरा थांबला तो वाघामुळे, आणि सोमाचं काम थांबलं ते पुजाऱ्यामुळे. वाघ एकच होता ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, हे सांगितले पाहिजे. "बाई, पासावर वाघाचा रकाना नाही."

मला त्या वाक्याचा जितका संताप आला तितका त्या सगळ्या प्रवासात कशाचाही आला नाही. मी म्हटले, मग रकाना घाला. ते हसले. त्यांच्याकडे शिक्का होता, घोडा होता, आणि एका बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर असावे एवढी साधी गोष्ट लिहायला कागदावर जागा नव्हती.

फैसला असा झाला. बांबू सरकारजमा. त्यांतले लागतील तेवढे घालून नाक्याच्या चौकीचे खचलेले छप्पर नवे करावे, उरतील ते लिलावाला. आणि दंडाऐवजी ते छप्पर सोमाने बांधून द्यावे, कारण बांबूचे काम त्या गावात त्याच्याइतके कुणाला येत नव्हते. मी वसंताकडे पाहिले. तो खाली मान घालून लिहीत होता. सोमा एवढेच म्हणाला, "चालंल जी."

पुढचे दिवस मी माझ्या डोळ्यांनी ते काम पाहिले. सोमा बांबू चिरायचा, कामट्या काढायचा, साली ओल्या करून गाठी मारायचा. त्याच्या घराकडून मूल रडल्याचा आवाज येई, तेव्हा हात थांबवून ऐके आणि पुन्हा सुरू करी. मला ते बघवेना.

"कशाला इतकं घट्ट बांधतोस?" मी खालून म्हटले. "सरकारचंच आहे."

"ढिला कायले बांधू जी?" तो वरून म्हणाला. "बांबूनं काय केलं? आन् उद्या पडलं त मलेच धरतीन."

वसंता दारात उभा होता. त्याला मी तिथेच सगळ्यांसमोर बोलले. म्हटले, तू लोणचं खातोस, सही करतोस आणि मान खाली घालतोस. तुझ्या जागी शिक्का मारायला माकड बसवलं तरी चालेल. सोमाच मध्ये पडला, "राहू द्या बाई. पोरगा नवा आहे. शिकून राहिला."

मी निघणार त्या सकाळी शेवटची कौले चढली. आभाळ भरून आले होते आणि गाडीवान घाई करत होता. मी वळकटी बांधत होते तेव्हा वसंताने आपली खाट उचलून बाहेरच्या खोलीत टेबलापाशी आणून टाकली. मग पेटी आणली. मग आतली खोली स्वतः झाडली. मी विचारले, हे काय चालले आहे. तो सोमाकडे गेला.

"सोमाकाका, सुनेला आणि बाळाला घेऊन या. काकूलाही. आतली खोली रिकामी केली आहे."

सोमाने छपराकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "साहेब काय म्हणंल?"

"साहेब पावसात येत नाहीत. आले तर बघू."

"तुमची नोकरी जाईन ना जी."

"बघू म्हटलं ना," वसंता म्हणाला. "बाळाला भिजवू नका. लवकर आणा."

रेंगी नाक्याची बल्ली ओलांडून गेली तेव्हा सोमाची बायको डोक्यावर गाडगी घेऊन येताना दिसली. मागून सून, छातीशी मूल. मला उतरून मदत करायची होती, पण सौंदडची गाडी चुकली असती. गाडीवान म्हणाला, "नाकेदाराले काऊन वेड लागलं?" मी त्याला बैल हाकायला सांगितले.

अमरावतीला पोचल्यावर हे सगळे मी भाऊंना सांगितले. ते पान लावता लावता थांबले. सरकारी चौकीत बाहेरच्या माणसांना ठेवता येत नाही, हा नियम त्यांना मला सांगावा लागला नाही. मलाही ठाऊक होता. ते म्हणाले, "रेंजरला कळल्याशिवाय राहणार नाही. पोराची कच्ची नोकरी. तुझं तो ऐकतो. लिही त्याला, दुसरीकडे सोय कर म्हणावं."

दुसरीकडे सोय नाही, मी ती जागा पाहून आले आहे. छप्पर घालायचे बांबू त्या गावात ज्या एका घरावर चढले, त्याच घरात ती माणसे आहेत. वसंताची नोकरी जाऊ शकते. गेली तर तो इकडे येईल, माझ्या दोन खोल्यांतली एक त्याची, आणि पुढचे पुढे पाहू. त्या बाळंतिणीला मात्र पावसाळ्यात दुसरी खोली नाही.

भाऊंना मी एवढेच सांगितले की मी तसे पत्र लिहिणार नाही, आणि तुम्हीही लिहू नका. मग बाजारात जाऊन दोन घोंगड्या घेतल्या, एक मोठी आणि एक लहान, आणि नाक्याच्या पत्त्यावर पाठवून दिल्या.