भिंग्याची टणक चाकं

भिंग्या स्वस्थ उभा आहे, असं दृश्य मी कधी पाहिलंच नाही. एक तर स्केटबोर्डवर गिरक्या, नाहीतर भिंतीला टेकून एका पायाची अखंड थरथर. "पायाला भिंगरी लागलीय मेल्याच्या!" असं त्याची आईच म्हणायची, आणि नाव पडलं ते पडलंच. सिडकोत आम्ही शेजारी, कॉलेजलाही एकत्र. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

हातात पाना नाही असा भिंग्या जेवायलाही बसत नसे. सारखी चाकं बदलायची! "मऊ चाक जमिनीला धरून बसतं गं, गिरकी घेऊच देत नाही. टणक पाहिजे, टणक!" त्या टणक चाकांवरून आमच्या रस्त्यानं गेलं की दात खिळखिळे व्हायचे, ते वेगळंच. स्केटबोर्डची फळी एका कडेवर उभी करून तो चाकांवर चढायचा. त्यासाठी चाक फळीच्या कडेपेक्षा जरासं बाहेर हवं. मग आत एक वॉशर घाल, बघ, काढ. जास्त घातले तर नटाला आटे पुरत नाहीत. "केसभर बाहेर, बास!" ते केसभर शोधण्यात अख्खी दुपार जायची आणि माझं डोकं उठायचं.

काकूंना म्हणजे त्याच्या आईला हे बघवत नसे. दोन तासांवर मनमाडला मामा रेल्वेत. भिंग्यानंही परीक्षा देऊन तिथंच चिकटावं, जवळ राहावं, एवढंच त्यांचं मागणं. त्याला बंगलोरच्या एका स्केटिंग करणाऱ्या गटात जायचं होतं. रोज खडाजंगी. शेवटी तो म्हणाला, "आई, एकदा बघायला ये. नाही पटलं, तर मनमाड. शब्द देतो."

सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम ठरला. स्टेजला गुळगुळीत प्लायवूड, म्हणून त्यानं सगळ्यांत टणक चाकं चढवली. आणि आमच्या मंडळींनी काय करावं? कलाकाराचा मान म्हणून वर जाडजूड लाल गालिचा अंथरला! तो नको नको म्हणतोय, तर अध्यक्ष म्हणाले, "अरे, लाजतोस काय? मान आहे तुझा!"

चाकं रुतली. गिरकी घ्यायला गेला आणि तोंडावर आपटला. लोक खिदळले. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. काकू पहिल्या रांगेतून उठल्या. झालं, म्हटलं, घरी निघाल्या. तर पदर खोचून सरळ स्टेजवर! "बघत काय बसलात? त्याची चाकं रुततायत, दिसत नाही?" असं म्हणून गुडघ्यांवर बसून गालिचा गुंडाळायलाच लागल्या.

मग भिंग्या फिरला. अगं बाई, काय फिरला! काकू तिथंच पायरीवर बसून राहिल्या. मनमाडचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

महिन्याभरात तो बंगलोरला गेला, तिथून आणखी कुठं कुठं. फोन यायचा, तोही घाईतला. दिवाळीला येतो म्हणायचा, यायचा नाही. मला त्याची आठवणही यायची आणि भयंकर रागही. एकदा न राहवून म्हटलं, "काकू, चांगलं झापा ना त्याला!"

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं झापू? गालिचा मीच गुंडाळला ना गं."