मावशीचा बुधवार

आमच्या अमरावतीच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी घरप्रार्थना असते. दर वेळी वेगळं घर. दोन गीतं, एक वचन, प्रार्थना आणि मग त्या घरचा चहा-फराळ. कोणाच्या घरी कधी जायचं, ती पाळी मी लावते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे आणि दुसऱ्या कोणी त्यात हात घातलेला मला खपत नाही, हेही सांगून टाकते.

त्या पाळीत मावशीचं घर कधीच आलं नव्हतं. मावशी म्हणजे दवाखान्यातून रिटायर झालेली आया. मंडळीत कुणी बाई वारली की पहिला फोन पाळकसाहेबांना आणि दुसरा मावशीला. ती यायची, पदर खोचायची आणि रडणाऱ्यांना खोलीबाहेर काढायची. मयताला अंघोळ घालायची, केस विंचरायची, हनुवटीला फडकं बांधायची, पांढरं पातळ नेसवायची. पेटीतलं माणूस शांत झोपल्यासारखं दिसायचं ते तिच्यामुळे. काम झालं की हातपाय धुऊन ती मागच्या दाराने निघून जायची. तिला चहाला थांब म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

माझी आई गेली तेव्हाही तीच आली होती.

मागच्या वर्षी उपासना संपल्यावर तिने मला गेटपाशी गाठलं. "बाई, पोरगा म्हणते आता अकोल्यालेच राय. पुढच्या महिन्यात चाल्ली मी. जायच्या आधी एक बुधवार माह्या घरी ठेवा ना."

"ठेवू की," मी म्हटलं.

"सारे येतीन?"

"का नाही येणार?"

ती इतकी खूश झाली की माझा हात धरायला पुढे आली आणि मग स्वतःच थांबली.

मी ग्रुपवर पाळी टाकली. एरवी अर्ध्या तासात हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडतो, त्या दिवशी चिडीचूप. दोघींनी फोन करून सांगितलं, जमलं तर बघू. तिसरी जरा सरळ होती. म्हणाली, "तिच्या हातचं घशाखाली उतरत नाही हो. माझ्या सासूला नागवं करून धुतलंय त्या हातांनी."

मी तिला चांगली फैलावर घेतली. आपण सगळे एका शरीराचे अवयव, असं बरंच सुनावलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! फोन ठेवल्यावर मात्र माझ्या डोळ्यांसमोर आईची हनुवटी आली आणि त्या फडक्याची गाठ मारणारी बोटं. त्या दिवसानंतर मावशीच्या हातचं पाणीसुद्धा मी प्यायले नव्हते. तशी वेळच येऊ दिली नव्हती.

मंगळवारी मी मावशीला फोन लावला. उन्हाळा आहे, खोली लहान आहे, म्हाताऱ्यांना खाली बसवत नाही, तुम्हालाच किती त्रास. यावेळी चर्चच्या हॉलमध्येच घेऊ, पण प्रार्थना तुमच्याच नावाची. हे मी इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला. 

"सतरंजी आनली होती मी शेजारून," ती म्हणाली. "वापस करतो मंग."

बुधवारी ती ऑटोने हॉलवर आली. एका हातात मोठा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. घरी नाही तर नाही, पण घरचं खाऊ घालायचंच, असं तिने ठरवलं असावं. पाळकसाहेब त्या दिवशी सहभागितेवरच, एकत्र बसून भाकर मोडण्यावरच बोलले. बोलले चांगलं. प्रार्थना झाली आणि तिने डबा उघडला. सांभारवडी होती, कोथिंबीर भरून तळलेली. खमंग वास हॉलभर पसरला.

एकीला शुगर निघाली, एकीचा उपवास निघाला. एक जण आत्ताच जेवून आले होते, संध्याकाळी साडेसहाला. पाळकसाहेबांनी एक वडी उचलली, कागदात गुंडाळली आणि "मिसेससाठी" म्हणून खिशात टाकली. मिसेस शेजारीच बसल्या होत्या. आणि मी? मी थर्मास ताब्यात घेतला आणि कागदी कपांत चहा वाटत सुटले. वाढणारीने खाल्लं की नाही, ते कोणी विचारत नाही. बायकांची ही जुनी पळवाट आहे आणि मी ती पुरेपूर वापरली. बरेचसे कप तसेच भरलेले खुर्च्यांखाली राहिले. गोळा करून मोरीत ओतले तेही मीच.

मावशीने डब्याला झाकण लावलं. "मीठ जास्त झालं असन," ती म्हणाली. वडी चाखलीच कोणी नव्हती.

त्याच आठवड्यात ती अकोल्याला गेली. मी निरोपाला गेले नाही.

तीन-चार महिन्यांनी एका लग्नासाठी मला अकोल्याला जावं लागलं. मन खात होतंच. दुपारी पत्ता विचारत विचारत तिच्या मुलाच्या घरी पोहोचले. दोन खोल्या, पत्र्याचं छत, बाजेवर मावशी. मला पाहून उठून बसली.

"इथल्या मंडळीत जाता ना?" मी विचारलं. मास्तरणीला दुसरं सुचणार काय!

"दोन रविवार गेली. आता नाही जात."

"का?"

"इथं कोनाले माह्यं काम मालूम नाही. पोरगा म्हणते, सांगूच नको. नाही सांगतलं त सारे जवळ बसवतात, घरी बोलावतात." ती गुडघा चोळत राहिली. "पन मंग चोरी करून बसल्यावानी वाटते, बाई. सांगतलं त तुमच्यासारखंच होईन. म्हनून घरीच बसतो."

 माफी मागायला आले होते आणि विचारलं काय, तर सून कुठे आहे. सून कामाला गेली होती. मावशी उठली, तिने स्वतःच्या हाताने चहा केला आणि कप माझ्यापुढे धरला. मी मनाशी म्हटलं, आज हा संपवायचाच, तेवढं तरी करायचं. पहिला घोट घेतला. तो घशाखाली गेला. दुसरा घेताना डोळे मिटले. आईच दिसली. मी घोट तोंडात धरून ठेवला आणि औषधासारखा गिळला. चहा चांगला होता. आलं घातलेला, बेताचा गोड.

मावशी माझ्याकडेच बघत होती. हजार चेहऱ्यांवरून हात फिरवलेली बाई ती. तिच्यापासून चेहरा काय लपवणार?

"जबरदस्तीनं नका पिऊ, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने हात पुढे केला. "आना इकडं."

नाही म्हणायला हवं होतं. कप घट्ट धरायला हवा होता. मी अर्धा भरलेला कप तिच्या हातात परत दिला आणि मला सुटल्यासारखं वाटलं.