आईचं बोट आणि नवं कुलूप

जामसंड्याच्या जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर आई एकटी राहते. ती आत पडली तर दार फोडावं लागू नये, म्हणून बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप मी हट्टाने स्वतःच बसवलं. भोक पाडताना दारापेक्षा माझंच बोट जास्त सोललं.

कुलपाने मला ओळखलं, आईला ओळखेना. हंगामभर पेट्या भरून, आंब्याच्या चिकाने तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या होत्या.

"ह्या माका माझ्याच घरात घेणा नाय रे!"

"आई, कुलपावरचे आकडे दाब, त्यानेही उघडतं. शिवाय माझं बोट आहेच."

"मी पडलंय तर तू मुंबयसून येतलस? शेजारणीचा बोट घाल!"

घातलं. मग आई बाहेर उभी राहून, चुकले तरी पुन्हा पुन्हा आकडे दाबत राहिली. स्वतःच्या हाताने दार उघडल्याशिवाय तिने चहाही ठेवला नाही.