काथ्याचा दोर

काथ्याच्या ओल्या दोराचा वास आला की मला गुहागरची ती दुपार आठवते. ताईचा नवरा ओहोटीच्या ओढीत सापडून आत आत चालला होता. दादाने सदरा काढला.

आत्या म्हणाली, "उडी मारू नको हां. आधी दोर आण, त्याला रिकामा कॅन बांधून टाकू."

"मला पोहता येतं," म्हणत दादा पाण्यात शिरला.

दोर मीच धावत आणला. आत्याने फेकलेला कॅन धरून भावोजी बाहेर आले. लाटांशी झगडून दमलेला दादा मात्र दिसेनासा झाला.

तेव्हा सगळे त्याला शूर म्हणाले, मीही म्हटलं. आता वाटतं, त्याने आत्याचं ऐकलं असतं तर दोघंही घरी जेवायला आले असते.