‘उजेड’मधला सरळ सूर

“हे बाईनं गायलं, का तुमच्या मशीननं?”

गोपालभाऊ ढोल्यांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला होता. गाणं दुसऱ्या अंतऱ्यावर थांबवलेलं. पाच सेकंद मागे नेऊन त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. ‘उजेड’ हा एकच शब्द.

“नीट आयका. ‘जे’वर बाईचा आवाज खालून वर चढाले पायजे. पुऱ्या गाण्यात ती तशीच चढते. इथंच सरळ उभी राहते, दोरी तानल्यासारखी.”

मी म्हणालो, “भाऊ, मोबाइलच्या स्पीकरवर काय कळते?”

ते शंभर टक्के खरं बोलत होते, हे मला माहीत होतं. तो सूर मीच सरळ केला होता.

नागपूरपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरमध्ये माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आधी नागपूरच्या एका स्टुडिओत आठ वर्षं असिस्टंट होतो. इथे आल्यावर वरच्या मजल्यावरची खोली घेतली आणि भिंतींच्या आत इथल्याच जिनिंगमधला कापूस भरला. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत ऐकू येत नाही. आमच्या भागातली भजनं, भीमगीतं, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी, बहुतेक सगळी माझ्याच माइकसमोर झाली आहेत.

पांढुर्ण्यात एक श्रोता मंडळ आहे. शिक्षक, नगरपालिकेतले कर्मचारी, संत्रावाले, दोन-तीन कंडक्टर अशी चाळीसेक माणसं. दर रविवारी दुपारी शाळेच्या एका वर्गात जमून गाणी ऐकतात आणि भांडतात. त्यांनी ठरवलं की पांढुर्णा-सौंसरच्या गायकांनी गेल्या दहा वर्षांत रेकॉर्ड केलेल्या गाण्यांतली उत्तम वीस काढायची, क्रमांक लावून. पहिली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली आणि मेसेज वाचता वाचता माझा अंगठा दुखायला लागला. लग्नात वाजतं ते गाणं मोठं, की ऐकून माणूस गप्प होतो ते मोठं? चाल दुसऱ्याची असेल तर निम्मे गुण कापायचे का? एकाने नुसत्या ढोलकीवर तीन पानं लिहिली होती. मला हे वाचून फार बरं वाटायचं. नागपूरला मी मोठमोठ्या लोकांची कामं केली, पण माझं काम इतक्या बारकाईने ऐकणारी माणसं मला तिथे भेटली नव्हती.

यादीत पहिलं गाणं होतं मोहगावजवळच्या ललिताताई गजभिये यांचं. त्या अंगणवाडी सेविका आहेत. कापूस वेचायला गेलेली आई पोरीला ओळीत बसवून अक्षरं शिकवते, असं ते गाणं. शब्द त्यांचेच, चालही त्यांचीच. दुसऱ्या क्रमांकावर पांढुर्ण्याच्या दिनेशचं भजन होतं. जामसांवलीच्या हनुमानाला पायी जाणारी माणसं ते म्हणत जातात. गोपालभाऊ त्या भजनाच्या बाजूचे. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि भजन मंडळात ते चाळीस वर्षं पेटी वाजवतात.

त्याच गोपालभाऊंनी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘पहिल्या गाण्यात एक सूर मशीनचा आहे. तपासा.’ मग मोहगावचे लोक पेटले. पुरावा द्या, नाहीतर माफी मागा. म्हणून ते थेट माझ्याकडे आले होते. मी उडवून लावलं आणि ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्ष वानखेडे मॅडमचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या विचारतात तेव्हा उत्तर द्यावंच लागतं.

“मूळ फाइल तुमच्याकडे आहे?”

“आहे, मॅडम.”

“मग रविवारी घेऊन या. सगळ्यांसमोर वाजवू. बाईंवर उगाच आळ नको, आणि ढोल्यांवरही नको.”

मूळ फाइल म्हणजे गायकाने गायलं तसं, काहीही न बदललेलं. आम्ही तिला रॉ टेक म्हणतो. त्यावर पुढे काम होतं. एखादा सूर हलला असेल तर कॉम्प्युटरवर तो पट्टीसारखा दिसतो. माउसने पकडायचा आणि वर सरकवायचा. याला पिच करेक्शन म्हणतात. जगभर करतात, त्यात गुन्हा काही नाही. पण ओढताना हात जड पडला की सुराची चढण-उतरण सपाट होते. साध्या कानाला ते कळत नाही. गोपालभाऊंच्या कानाला कळलं.

सात वर्षांपूर्वी ललिताताई अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आल्या होत्या. सातवा महिना चालू होता. तिसऱ्या टेकला गाणं असं लागलं की मी हेडफोन काढायला विसरलो. त्या परतीच्या बससाठी निघून गेल्या. मग ऐकताना दिसलं की ‘उजेड’ला श्वास कमी पडलाय आणि सूर उतरलाय. त्यांना पुन्हा बोलवायचं म्हणजे पुन्हा सुट्टी, पुन्हा प्रवास. मी तो शब्द उचलून जागेवर बसवला. सांगितलं नाही. कशाला सांगायचं, असं वाटलं.

आता रविवारी सगळ्यांसमोर कळण्याआधी त्यांना कळायला हवं होतं. शुक्रवारी दुपारी मी मोटरसायकल काढली. अंगणवाडी सुटली होती. ताई पोरांच्या ताटल्या धुऊन पालथ्या घालत होत्या.

“या दादा. इकडं कसे काय?”

मी सगळं सांगितलं. एका दमात. ताटली त्यांच्या हातातच राहिली.

“कोनता शब्द म्हनता?”

“उजेड. दुसऱ्या अंतऱ्यातला.”

त्या खाली बसल्या.

“दादा, तुमाले माहीत आहे का, लोकं मले स्टेजवर काय म्हनत? म्हनत, ताई, गानं चांगलंच झालं, पन रेकॉर्डवर तो ‘उजेड’ जसा आहे तसा नाई लागला. मले वाटे, एक डाव मी तो बरोबर गायली आहे, तर पुन्हा काऊन जमत नाई? पोरगी झाल्यावर आवाज गेला का काय? सकाळी पानी भरता भरता तोच शब्द. रोज. किती सालं मी त्या शब्दाच्या मागं लागून राहिली. आन तो माझा नव्हताच.”

मला मान वर करता येईना. मी याचा विचारच केला नव्हता. माझ्या लेखी माउसचं ते एक काम होतं, झालं आणि संपलं. त्यांनी मात्र त्याच्याशी सात वर्षं झटापट केली होती.

“तवाच सांगतलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी स्टँडवरून परत येऊन पुन्हा गायली असती, आन दुसऱ्या बसनं गेली असती. एवढंच तर होतं.”

मी म्हणालो, “ताई, तुम्ही म्हणाल तर रविवारी मी एकटाच जाऊन सांगतो. चूक माझी होती, तुम्हाला माहीतही नव्हतं. फाइल वाजवायची गरज नाही.”

“वाजवायची काऊन नाई? ज्यानं पकडलं, त्याले पुरं आयकू द्या. मीही येतो.”

आमच्याकडे बायाही ‘येतो’च म्हणतात.

रविवारी वर्ग भरलेला होता. मोहगावची माणसं एका बाजूच्या बाकांवर, भजनवाले दुसऱ्या बाजूला. दिनेशही आला होता. मी स्टुडिओतले दोन स्पीकर टेबलावर मांडले आणि बोलायला उभा राहिलो. गोपालभाऊ खरे आहेत, सूर मशीनचा आहे, तो मी केला आणि ताईंना शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. मोहगावच्या बाकांवरून कोणी तरी ओरडलं, “सात सालं झोपले होते का?” मी रॉ टेक लावला.

ना ढोलकी, ना बासरी, नुसता आवाज. एका ठिकाणी त्यांच्या बांगड्या वाजलेल्याही ऐकू आल्या. दुसऱ्या अंतऱ्याला ‘उजेड’ आला, उतरला, आणि पुढच्या ओळीत आवाज पुन्हा सावरून उभा राहिला. गाणं संपलं.

गोपालभाऊ उठले. मला वाटलं, आता हे जिंकल्याचं भाषण करणार.

“उतरला आहे,” ते म्हणाले. “उतरलेल्याले उतरलाच म्हनीन. पन ललिताबाई, मले एक सांगा. मागच्या साली मोहगावच्या कार्यक्रमात तुम्ही हेच गानं म्हनलं. मी मागं उभा होतो. तवा हा शब्द खालून वर गेला, घसरत घसरत, अन नेमका लागला. मशीनपेक्षा चांगला. म्हनून तर मले या रेकॉर्डवर शक आला! जी बाई स्टेजवर असा लावते, ती रेकॉर्डवर सरळ काऊन गाईन? तवा कसा लागला?”

“मेहनत केली, भाऊ,” ताई म्हणाल्या. “रेकॉर्डवरचा आपलाच आहे समजून.”

गोपालभाऊंनी दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस, सगळ्यांसमोर. मग ते माझ्याकडे वळले.

“आता आमचं भजन उघडा.”

भजनवाल्यांत कुजबुज झाली. दिनेश म्हणाला, “काका, त्याची काय गरज आहे?”

“गरज कशी नाई? त्यायचं तपासलं, आपलंही तपासलं पायजे. नाई तर मी फक्त दुसऱ्याचीच खोट काढाले बसलो, असं होईन.”

माझ्या हार्ड डिस्कवर तेही होतं. मी दिनेशकडे बघितलं. त्याने मान हलवली. भजनात मी अकरा जागी सूर हलवले होते. दिनेशला दोनच माहीत होत्या. रॉ टेक संपल्यावर त्यालाच हसू फुटलं. “दादा, मले वाटे मी लई सुरात गातो,” तो म्हणाला, आणि मग दोन्हीकडचे बाक हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग वाद संपला असेल, असं वाटेल. उलट खरा वाद त्यानंतर सुरू झाला आणि दोन तास चालला. यादीत रेकॉर्ड मोजायचं, की गाणं? दुरुस्त केलेलं वगळलं तर वीसच्या वीस जातील, हे मी सांगितलं. एक कंडक्टर म्हणाले, मग दाढी करून फोटो काढलेल्या माणसालाही वगळा. वानखेडे मॅडमनी शेवटी नियम लिहिला: दुरुस्ती चालेल, पण यादीत गाण्यापुढे ती लिहायची. आणि मत पुन्हा घ्यायचं.

ललिताताईंचं गाणं दुसरं आलं आणि भजन तिसरं. गोपालभाऊंनी या वेळी आपलं मत भजनाला दिलं नाही. ते त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पहिला क्रमांक गेला एका लग्नाच्या गाण्याला. त्यावर कोणी भांडलंच नव्हतं, त्यामुळे त्याची फाइलही कोणी उघडायला लावली नव्हती. त्या गाण्याचा गायक लग्नाच्या सीझनमध्ये गुंतला होता. तो आलाही नाही.

मी ताईंना म्हणालो होतो, तो शब्द नव्याने घेऊ, जुन्या गाण्यात बसवून देतो. त्या नको म्हणाल्या. “ते गेलं आता लोकायच्या घरी. नवीन गानं घेऊ.” दोन महिन्यांनी आल्या. नवव्या टेकला मी म्हणालो, “ताई, झालं.” त्यांनी विचारलं, “पक्कं?” मी म्हणालो, “एक जागा किंचित उतरली आहे.” त्या पुन्हा माइकसमोर उभ्या राहिल्या.

आता प्रत्येक गायकाला बाहेर पडण्याआधी मी सूर हललेल्या जागा सांगतो. काही जण म्हणतात, तुम्हीच करून घ्या. काही जण पुन्हा गातात. सांगायला अर्धं मिनिट लागतं.


मला सात वर्षं लागली होती.