उपग्रहाने दाखवलेला आग्नेय कोपरा

आमच्या घरात जीपीएस आला तो नणंदेच्या नवऱ्याकडून. तो जहाजावर इंजिनिअर होता. सिंगापूरहून येताना लोक सेंटच्या बाटल्या नाहीतर टेपरेकॉर्डर आणायचे. माझ्या नवऱ्याला डोंगर चढायची हौस, हे लक्षात ठेवून त्याने साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, करड्या रंगाचं हे यंत्र आणलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये फोन मोजक्याच घरांत होते, पण आमच्याकडे आता थेट उपग्रह येणार होते.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे गच्चीवर उभे राहिलो. यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत नवऱ्याचा चहा गार झाला. मग पडद्यावर आकडे उमटले आणि त्यानुसार आमची गच्ची समुद्रसपाटीच्या खाली निघाली.

सासूबाईंनी आमच्या मांजर्लीत उल्हास नदीचं पाणी तळमजल्यावर शिरलेलं बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "एवढं तरी खरं बोललं."

नवऱ्याने समजावलं की अमेरिकेने उपग्रहांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी खोट ठेवलीय, त्यामुळे शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचंच. त्या शंभर मीटरमध्ये आमचं घर कधी पिठाच्या गिरणीत जायचं, कधी नदीच्या पात्रात. नवरा मात्र खूश. अमेरिकेने मुद्दाम फसवावं इतपत आपण महत्त्वाचे आहोत, यात त्याला अभिमानच वाटला असावा.

पाऊस ओसरल्यावर आम्ही चंदेरीच्या डोंगराकडे गेलो. नवरा, त्याच्या कारखान्यातला एक मित्र आणि मी. अर्ध्या चढावर धुकं उतरलं आणि हातभर पुढचं दिसेना. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही बघितला नव्हता. त्याने यंत्र काढलं, डोक्यावर धरलं, चार पावलं चालून बाण बघितला आणि हात लांब करून म्हणाला, "घर तिकडे. सरळ."

"सरळ दरी आहे," मी म्हटलं.

"मी दिशा सांगतोय. वाट नाही सांगत."

मग आम्ही तिघं एका खडकावर बसून दिशा बघत राहिलो. मित्राने डब्यातल्या पोळ्या संपवल्या. धुकं आपल्या मर्जीने विरलं, पायवाट होती तिथेच होती, तिने आम्ही खाली आलो. सोमवारी कारखान्यात मात्र बातमी पोचली ती अशी, की दाट धुक्यात अडकलेल्या तिघांना उपग्रहाने सुखरूप घरी आणलं. मित्राने सांगितलं आणि नवऱ्याने नाकारलं नाही.

ती बातमी फिरत फिरत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आली. तिथे एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले काका, काकू आणि त्यांची मुलगी राहायची. मुलगी अंबरनाथला बँकेत होती. आम्ही राहायला आल्यापासून काकूंनी आमच्याकडे पाण्याचा घोट घेतला नव्हता. कधी उपास, कधी पित्त, कधी "आत्ताच झाला हो." आमच्या भिंतीवर कुठल्या तसबिरी आहेत आणि देवघर कसं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दारातून बघून घेतलं होतं. बोलायला मात्र गोड.

त्या संध्याकाळी दोघं आत आले, सोफ्यावर बसले आणि काकूंनी चहा मागून घेतला. साखर बरोबर आहे असंही म्हणाल्या. त्यांना नेमका त्या दिवशी उपास नव्हता.

काका मुद्द्यावर आले. मुलीचं लग्न जमत नव्हतं. वास्तुवाल्याने सांगितलं होतं की ओटा आग्नेयेला हवा. पण स्लॅबमधल्या लोखंडामुळे त्याचं होकायंत्र हॉलमध्ये एक पूर्व दाखवायचं आणि बेडरूममध्ये दुसरी. "तुमचं यंत्र वरून बघतं. ते चुकणार नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सूर्य उगवतो ती पूर्व. त्याला कशाला यंत्र?"

"सूर्याचं काही खरं नाही, आजी," काका गंभीरपणे म्हणाले. "तो दक्षिणायनात सरकतो."

नवऱ्याचा वास्तूवर काडीचा विश्वास नव्हता. पण यंत्रावर होता, आणि काकांसारखा माणूस दारात आला होता. त्यामुळे तो तयार झाला. अडचण एकच होती. ते यंत्र उभ्या माणसाला दिशा सांगत नसे, चालणाऱ्यालाच सांगे. शिवाय छताखाली त्याला काही दिसत नसे. म्हणजे ओट्याची दिशा काढायला ओट्यापासून लांब जाऊन चालायला हवं होतं.

रविवारी सकाळी नवरा बिल्डिंगच्या भिंतीला समांतर, नदीच्या रस्त्याने यंत्र छातीशी धरून चालू लागला. मागे काका, त्यांच्या मागे काकू, आणि कसली मिरवणूक आहे ते बघायला आणखी चारजण. पूर्व हाती लागेना. परत फिरले की ती भलतीकडेच सरकायची.

मी खिडकीतून बघत होते, तेवढ्यात समोरची मुलगी आमच्या स्वयंपाकघरात आली आणि शेंगा सोलायला बसली.

"वहिनी, त्यांना उशीर होईल ना?"

"पूर्व सापडेपर्यंत नक्की."

"माझं जमलंय," ती शेंगांकडे बघत म्हणाली. "बँकेतलाच आहे. दोन वर्षं झाली. घरी कसं सांगू, कळत नाही. तो..." तिने मान वर केली आणि आमच्या भिंतीवरच्या तसबिरींकडे बघितलं. "तो तुमच्यातला आहे."

सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिला एवढंच विचारलं, "माणूस बरा आहे का?"

"बरा आहे, आजी."

"मग ओटा आहे तिथेच राहू दे."

पण ओटा राहिला नाही. दुपारी यंत्राने काकांचं समाधान होईल अशी एक पूर्व दाखवली आणि त्या हिशेबाने आग्नेय कोपरा निघाला गॅलरीत. आठवड्याभरात शेगडी तिकडे गेली. काकू वाऱ्याला पदर आडवा धरून फोडणी द्यायला लागल्या. मग बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच आपापल्या दिशांची शंका आली. नवरा दर रविवारी कोणाचं तरी स्वयंपाकघर घेऊन रस्त्याने चालायचा आणि डोंगर राहून जायचे. आमच्याकडे चहाची पातेली मोठी आणावी लागली.

माघात मुलीने कोर्टात लग्न केलं. वास्तूचा गुण इतक्या लवकर आलेला मी दुसरा बघितला नाही. काकांनी मात्र त्याचं श्रेय नवऱ्याला दिलं नाही. जिन्यात एकदाच बोलले, "तुमच्या यंत्राने चुकीचा कोपरा दाखवला." शेगडी परत आत गेली, आमच्याशी बोलणं बंद झालं आणि काकूंचे उपास पुन्हा सुरू झाले. नवऱ्याला ते लागलं. बरेच दिवस तो पुटपुटायचा, "मी सांगितलं होतं, शंभर मीटर इकडेतिकडे."

पुढच्या पावसाआधी एका दुपारी काकू दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा आणि घडी न मोडलेली कोरी साडी.

"तुम्ही जाता ना तिच्याकडे?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठे राहते?"

मी सांगितलं. अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, शिवमंदिराच्या रस्त्याने रिक्षा करायची, नाल्यावरचा पूल ओलांडला की डावीकडची पिवळी बिल्डिंग. दुसरा मजला.

त्यांनी ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणून घेतलं. "यांना सांगू नका हं," म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी गॅलरीतून बघितलं. फाटकाशी रिक्षा उभी होती. आत काका आधीच बसले होते, मांडीवर आंब्यांची पेटी घेऊन, आणि आमच्या गॅलरीकडे मुळीच न बघता रिक्षावाल्याला म्हणत होते, "स्टेशनला घे. लवकर."